कथलाची टोकं

टेबलावर दोन ठोकळे समोरासमोर ठेवले होते आणि त्यांच्या दोन अंगांना नणंद-भावजय बसल्या होत्या. ठोकळे तरी केवढे, बोटाच्या पेराएवढे. वायरी जोडायचे टर्मिनल ब्लॉक. एक राखाडी, डोक्यावर स्क्रू मिरवणारा. दुसरा पांढरा, पोटात स्प्रिंग लपवून बसलेला. वायरीचं टोक आत घातलं की राखाडी त्याला स्क्रूखाली दाबून धरतो, पांढरा स्प्रिंगने चावून धरतो. एवढाच काय तो फरक, पण त्या फरकापायी सकाळपासून दोघींचा चहा गार होत होता.

"बोटीचं काम आहे, वहिनी," नणंद म्हणाली. "बोट दिवसभर थरथरते. थरथरीने स्क्रू मागे फिरतो. स्प्रिंग फिरत नाही. एकदा धरलं की धरलं. माझ्यासारखं."

"म्हणूनच भीती वाटते, वन्सं. तुम्ही धरलंय की नुसतं धरल्यासारखं केलंय, हे बाहेरून कळत नाही. स्क्रू कसा, हाताला सांगतो. बास, आता आवळू नकोस, म्हणतो."

"स्क्रू बोलतो म्हणे!"

"ऐकणारा लागतो."

नणंदेने नाक मुरडलं. कारखाना तिचा. कारखाना म्हणायचा, एरवी पत्र्याची एक लांब शेड. तिथे दोघी मिळून पंपांची, गिरण्यांची, लिफ्टांची पॅनेलं बांधायच्या. पॅनेल म्हणजे लोखंडी कपाट आणि त्याच्या पोटात वायरींचा संसार. नणंद कपाटं कापायची, भोकं पाडायची, गिऱ्हाइकांशी भांडायची. भावजय वायरिंग करायची. आणि आता आलेलं काम साधंसुधं नव्हतं. नदीवरच्या फेरीबोटीच्या सुकाणूचं पॅनेल होतं ते. बोटीच्या चाकावर बसणारा तांडेल म्हणजे नणंदेचा पाठचा भाऊ आणि भावजयीचा नवरा. एकीने त्याला कडेवर घेऊन वाढवलेला, दुसरीने त्याच्यासाठी आपलं गाव सोडलेलं. म्हणून तर एवढ्याशा ठोकळ्यावर एवढी घासाघीस.

शेवटी भावजयीनेच तोड काढली. राखाडी ठोकळा टेबलाला पक्का केला, आपल्या हाताने वायर आवळली आणि पक्कड नणंदेच्या हातात दिली. "ओढा."

नणंदेने ओढलं. मग उभी राहून ओढलं. मग टेबलाच्या पायाला पाय लावून, दात आवळून ओढलं. टेबल वीतभर सरकलं. वायर जागची हलली नाही.

"हं," नणंद म्हणाली आणि पक्कड टेबलावर आपटली. "लावा तुमचे बोलके स्क्रू."

अशी राखाडी ठोकळ्यांची निवड झाली.

वायरीच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा जुडगा असतो. टोक सोललं की तो पिंजारतो. त्याला आवरायला नणंद तांब्याची इवलीशी टोपी चढवून पक्कडीने चेपायची. भावजयीला ते टोप्या घालणं कधी रुचलं नाही. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून ती वाढली, त्यांच्याकडूनच तापल्या सळईने कथील वितळवून टोकावर ओढायला शिकली. टोक कथलात बुडालं की पिंजारलेल्या तारा एकमेकींना बिलगून एकजीव होत, आणि वर चांदीसारखी लकाकी येई. सासरी आली तेव्हा तिला ना इथल्या वाटा ठाऊक, ना माणसं. नणंदेने पहिल्या दिवशी तिची ती टोकं उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "बया, हे दागिने आहेत की वायरी?" त्या एका वाक्यावर तिला या शेडमध्ये जागा मिळाली होती. काम करताना ती स्वतःशीच गुणगुणे:

कथलाच्या थेंबा रे, चांदीचं तुझं पाणी,
तारेच्या पोटातून बाप माझा गातो गाणी.

सुकाणूच्या पॅनेलमधलं एकूण एक टोक तिने असं कथलात न्हाऊ घातलं. एकेक स्क्रू आवळला, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून ठोकळ्यापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढली. स्क्रू केसभर जरी मागे फिरला तरी रेघ तुटेल आणि बघणाऱ्याला कळेल. पॅनेल बोटीवर चढलं. तांडेल घरी येऊन म्हणाला, "चाक कसं लोण्यासारखं फिरतंय!" त्या आनंदात महिना निघून गेला.

नणंदेचं मात्र समाधान झालं नव्हतं. हरलेली पैज ती पदराला गाठ मारून ठेवणारी बाई. पॅनेल बोटीवर गेलं त्याच आठवड्यात तिने कोणाला न सांगता एक पट्टी घेतली, तिच्यावर राखाडी ठोकळे बसवले, हाताशी लागतील त्या वायरी त्यांत आवळल्या आणि ती पट्टी हवेच्या कॉम्प्रेसरच्या पाठीवर ठोकून दिली. कॉम्प्रेसर सुरू झाला की शेडचा पत्रासुद्धा थरथरायचा. बोटीची थरथर ती काय वेगळी असणार!

आणि आज, उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास, तिने हाक मारली.

"वहिनी, या इकडे. तुमचा स्क्रू काय बोलतोय ऐकून जा."

भावजय हात पुसत आली. नणंदेने दोन बोटांच्या चिमटीत एक वायर धरली आणि उचलली. जोर नाही, झटका नाही. लोण्यातून केस निघावा तशी वायर ठोकळ्यातून बाहेर आली.

"सांगत होते," नणंद म्हणाली. "थरथरीने स्क्रू फिरतात."

भावजय वाकली. स्क्रूवरची लाल रेघ पाहिली. नणंदेनेही तिच्यासारखीच रेघ ओढली होती, वाकडीतिकडी, पण ओढली होती. रेघ अखंड होती. स्क्रू फिरलाच नव्हता.

तिने शेजारची वायर ओढली. निघाली. त्याच्या पुढची. घट्ट. त्याच्या पुढचीही घट्ट, ओढून बोट लाल झालं तरी घट्ट. पुन्हा एक सैल. तिने सगळ्या वायरी उजेडाकडे वळवल्या. घट्ट बसलेल्यांच्या टोकाला नणंदेच्या चेपलेल्या टोप्या होत्या. सुटून आलेल्यांच्या टोकाला चांदी होती. नणंदेने तिच्याच डब्यातून उचललेली, तिची तयार टोकं.

ठोकळे तेच. स्क्रू तेच. थरथर तीच.

कथील मऊ. हे काय तिला ठाऊक नव्हतं? लहानपणी ती कथलाची तार दातांनी चावायची आणि दातांची खूण उठायची. मऊ धातूला स्क्रूखाली दाबलं की तो त्या क्षणी घट्ट वाटतो, पण दाब काही सुटत नाही, आणि कथील हळूहळू बाजूला सरत राहतं, पसरत राहतं. स्क्रू इमानाने जागेवर उभा. त्याच्या पायाखालची जमीनच निघून गेलेली. वडिलांच्या रेडिओत कथील स्वतःच जोड असे, त्याच्यावर कोणी स्क्रू आवळत नसे. ती गोष्ट तिने तिथून इथे उचलून आणली होती, जशी लेकी माहेरची सवय आणतात. न विचारता, न तपासता, प्रेमाने.

"तोंड का उतरलं?" नणंद म्हणाली. "मी काही फाशी देत नाहीये. ठोकळा चुकीचा निघाला, बदलू. रविवारी बोट बंद असते, तेव्हा पांढरे बसवू."

ठोकळा चुकीचा निघाला. किती सोपं वाक्य होतं. भावजयीने नुसती मान हलवली असती तरी प्रकरण मिटलं असतं. तिने मान हलवली नाही, खरं कारणही सांगितलं नाही. तिने हत्यारांची पिशवी उचलली.

"रविवारपर्यंत नको, वन्सं. आत्ता जाऊ. तिथले स्क्रू आवळून येऊ."

नणंदेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा विजयाचा रंग उतरला. तिने भावाला फोन लावला. वाजत राहिला. बोट चालवताना तांडेल फोन जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकायचा, कारण एक फोन त्याने नदीला अर्पण केला होता.

"उचलत नाही मेला," नणंद म्हणाली. "बसा मागे."

स्कूटरवर नणंद सगळी वाट बोलत होती. घाबरली की ती बोलायची. "मी तेव्हाच म्हणत होते. पण माझं ऐकतो कोण? टेबल काय सरकलं, मला वेडं ठरवून मोकळ्या झालात." भावजय पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. आता सांगावं, या वळणावर सांगावं, असं म्हणता म्हणता वळणं मागे पडत गेली. काय सांगणार होती? की ठोकळा बरोबर आहे, तुमची टोपी बरोबर आहे, चुकीचे आहेत ते माझे दागिने? मग या शेडमध्ये तिचं म्हणून उरलं काय?

धक्क्यावर पोचल्या तेव्हा बोटीचा लोखंडी उतार वर उचलला जात होता. इंजिनाचा काळा धूर, दोरी सुटलेली, बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी रुंदावत चाललेली. नणंदेने स्कूटर तशीच आडवी टाकली. दोघींनी पदर खोचले आणि उड्या घेतल्या.

"अगं बाई!" शिवणमशीन घेऊन बसलेला एक म्हातारा शिंपी ओरडला. "तिकीट बुडवायची ही नवीन तऱ्हा!"

त्याच्याकडे न बघता त्या जिना चढून केबिनमध्ये शिरल्या. तांडेल चाकाशी उभा होता. त्याने मान वळवली, दोघींना एकत्र पाहिलं आणि भुवया वर नेल्या.

"दोघी? एका वेळी? कोण गेलं?"

"अहो, बोट मागे घ्या," बायको म्हणाली.

"काय झालं?"

"पॅनेलमधल्या वायरी ढिल्या झाल्या असतील. सुकाणूच्या."

त्याचं हसू मावळलं. त्याने पुढे पाहिलं. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. नदी पिवळट, फुगलेली, डावीकडून उजवीकडे ओढ घेत होती. आणि उजव्या हाताला, प्रवाहाच्या खाली, जुन्या पडक्या पुलाचे दगडी खांब पाण्यात उभे होते. त्यांच्याभोवती पाणी फेसाळत होतं.

"आता वळवता येणार नाही," तो हळू म्हणाला. "वळवायला गेलो की बोट प्रवाहाला आडवी होते. वळताना सुकाणू गेलं तर थेट खांबांवर. सरळ जाऊ. नाक डावीकडे, प्रवाहाच्या तोंडाला धरून ठेवतो. एवढं जमलं की पलीकडे."

"बाळ्या," नणंद म्हणाली, "डावीकडे जाणं बंद पडलं तर?"

"तायडे, तू चांगलं काहीतरी बोल ना."

पॅनेल त्याच्या गुडघ्यांच्या मागे, भिंतीत बसवलेलं होतं. भावजय खाली बसली आणि दार उघडलं. आत सगळं किती नीटनेटकं! राखाडी ठोकळ्यांची रांग, वायरी भांग पाडल्यासारख्या, आणि स्क्रूंवरच्या लाल रेघा. एकही तुटलेली नाही. कोणीही तपासायला आलं असतं तर शाबासकी देऊन गेलं असतं.

तिने पहिल्या स्क्रूवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. पहिल्याच स्पर्शाला तो फिरला. अर्धा फेरा, सहज, मग थांबला. दुसरा, तसाच. पाण्याच्या नळाची तोटी फिरावी तसे फिरत होते ते. नणंद शेजारी गुडघ्यांवर बसून दुसऱ्या टोकापासून आवळत निघाली. "देवा, देवा," ती पुटपुटत होती, "सगळेच. सगळेच, वहिनी."

डावीकडचा हुकूम एका वायरीतून सुकाणू फिरवणाऱ्या पंपाला जायचा, उजवीकडचा दुसरीतून. चाक वळलं की पॅनेलमधला छोटा खटका 'टक' वाजायचा आणि त्याच्यावरचा हिरवा दिवा लागायचा. टक, दिवा, टक, दिवा. भावजयीचे हात काम करत होते, कान त्या आवाजाला टांगलेले होते.

मग तांडेलाने चाक डावीकडे वळवलं आणि 'टक' आलं नाही.

त्याने पुन्हा वळवलं. दिवा विझलेलाच.

"डावीकडे येत नाही," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता, घरात मीठ संपलंय हे सांगावं तसा. भावजयीने हा आवाज त्याच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

खालून इंजिनवाला ओरडला. सगळे त्याला डिझेलभाऊ म्हणत. "तांडेल! नाक प्रवाहाबरोबर चाललंय!"

"हाताचं सुकाणू जोड!" तांडेल ओरडला. हाताचं सुकाणू म्हणजे मागे बांधून ठेवलेला लांब लोखंडी दांडा. तो सोडून, उचलून, खुंट्या ठोकून बसवायला वेळ लागायचा. डिझेलभाऊ मागे धावला. बोटीचं तोंड हळूहळू खांबांकडे वळू लागलं. खाली डेकवर कोणीतरी म्हणालं, "हे काय, आपण कुठं चाललोय?" आणि मग सगळेच बोलू लागले.

भावजयीची बोटं वायरींवरून धावत होती. डावीकडची, डावीकडची. ही. तिने ती ठोकळ्याकडे दाबली. टक! दिवा लागला.

"आली," तांडेल म्हणाला.

"वन्सं, हा स्क्रू!"

नणंदेने तिच्या खांद्यावरून हात घालून स्क्रू आवळला. एक फेरा, आणखी थोडा, पार तळाला. "झाला घट्ट. सोडा."

भावजयीने बोट काढलं. दिवा विझला.

"काढू नकोस!" तांडेल ओरडला.

तिने पुन्हा बोट लावलं. दिवा लागला. स्क्रू घट्ट होता, आता यापुढे फिरणार नव्हता. मग सुटतंय कुठे? तिने मान वाकडी करून पाहिलं आणि तिला दिसलं. कथील जिथे संपत होतं, बरोबर त्या काठावर, वायर मोडली होती. कथलाने ताठ झालेलं टोक आणि मागची मऊ वायर, यांच्या सांध्यावर बोटीच्या थरथरीने एकेक तार तोडली होती. एकही केस धड उरला नव्हता. तिने बोटाने दाबून तुटलेल्या तारा एकमेकींना टेकवल्या होत्या म्हणून हुकूम पलीकडे जात होता.

विजेचा दाब बॅटरीएवढाच होता. त्याने माणूस मरत नाही. पण त्या तुटक्या सांध्यात ठिणगी फुटली की बोटाला चटका बसायचा. तिने बोट हलवलं नाही.

"धरून ठेवतेस ना?" तांडेलाने विचारलं. तो खाली बघू शकत नव्हता.

"धरलंय. तुम्ही समोर बघा."

टक. दिवा. बोटीचं नाक थरथरत, कुरकुरत डावीकडे यायला लागलं. खांब इतके जवळ आले होते की त्यांच्या दगडांतल्या भेगांमध्ये उगवलेलं गवत केबिनच्या खिडकीतून दिसत होतं. पाण्याचा आवाज इंजिनाच्या आवाजावर चढला. भावजयीला खांब दिसत नव्हते. तिला फक्त स्वतःचं बोट दिसत होतं, त्याखालची चांदी, आणि नवऱ्याचे दोन पाय, जमिनीत रोवल्यासारखे. नणंदेचा हात तिच्या पाठीवर होता. कधी आला, तिला कळलं नव्हतं.

"आणखी जरा," तांडेल म्हणत होता, चाकाला की नदीला की तिला, कोण जाणे. "आणखी जरा, माझी राणी, आणखी जरा."

शेवटचा खांब उजव्या अंगाने मागे गेला. पाण्याचा आवाज कमी झाला. पुढे पलीकडचा धक्का मोठा होत होत आला, आणि बोट त्याला जरा जोरातच जाऊन टेकली. डिझेलभाऊने दोरी टाकली. मगच भावजयीने बोट उचललं. टोकाची कातडी पांढरी पडली होती.

माणसं घाईघाईने उतरली. शिंप्याने मशीन डोक्यावर घेता घेता वर पाहून हाक दिली, "तांडेल, पुलाचं दर्शन छान घडवलंत! पुढच्या वेळी न सांगता नका घडवू!" धक्क्यावर पलीकडे जाणारी गर्दी उभी होती. टोपल्या, सायकली, एक दुधाची गाडी. त्यांना काही ठाऊक नव्हतं. "चला की हो, दूध नासतंय!" असा पुकारा सुरू झाला.

तांडेलाने कपाळ पुसलं. "ती एक वायर बदलून टाका. बाकीचे स्क्रू आवळलेत ना? मग एक खेप मारू या. तिकडे गेल्यावर बघू काय ते."

"आवळलेत," नणंद म्हणाली. "खेपेपुरते टिकतील. आणि बाळ्या, या राखाडी ठोकळ्यांचं काही खरं नाही. रविवारी सगळे काढून पांढरे बसवते. मी आधीपासून सांगत होते."

पुन्हा तेच वाक्य, आयतं, समोर मांडलेलं. भावजय जमिनीवर बसली होती. तिला उठवत नव्हतं. रविवारी पांढरे ठोकळे बसतील, आणि त्यांत हीच टोकं जातील. हीच चांदी, हाच मोडका काठ. आणि कोणाला कधी कळणार नाही, पुन्हा असाच एखादा दिवस उगवेपर्यंत.

"ठोकळ्यांत काही खोट नाही, वन्सं."

"आता काय आणखी त्यांची बाजू घेता?"

"तुमच्या कॉम्प्रेसरवर तुमच्या टोप्यांच्या वायरी घट्ट होत्या. त्याच ठोकळ्यांत. सैल झाल्या त्या माझ्या. कथील दबून पसरतं. स्क्रू कितीही आवळा, ते पुन्हा पसरणार. आणि ही वायर कथलाच्या काठावरच मोडलीय. बाकीच्यांत किती मोडल्यात, बाहेरून दिसायचं नाही." ती पॅनेलकडे बघत म्हणाली, "शेडमध्येच कळलं होतं मला. वाटेत सांगायला जीभ उचलली नाही."

खालून कोणीतरी शिट्टी मारली. दुधाच्या गाडीवाल्याने हॉर्न दाबून धरला.

"मग आवळलेलं एक खेप तरी..." तांडेल म्हणू लागला. त्याची नजर गर्दीवर होती. ही माणसं त्याची रोजची होती, त्यांना 'नाही' म्हणायची त्याला सवय नव्हती.

भावजयीने पिशवीतून कटर काढला. पहिल्या ठोकळ्याचा स्क्रू सैल केला, वायर बाहेर ओढली आणि कथलाच्या मागे, दोन बोटं जागा सोडून, कापली. चकाकतं टोक जमिनीवर पडून घरंगळलं.

"आता जाता येणार नाही," ती म्हणाली.

तांडेलाने त्या टोकाकडे पाहिलं, मग तिच्या भाजलेल्या बोटाकडे. तो खिडकीत गेला आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडला, "बोट बंद! पॅनेलचं काम निघालंय! दूध नव्या पुलावरून न्या!"

"पूल पंधरा कोस लांब आहे!" खालून उत्तर आलं. "कोणी केलंय हे दळभद्री काम?"

नणंदेने तोंड उघडलं. कारखाना तिचा होता, बोलायची सवय तिची होती. पण भावजय आधीच उठली होती. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मी केलंय," ती म्हणाली. "मीच दुरुस्त करतेय. ओरडायचं असेल तर ओरडा, पण चढू नका."

एवढ्या लोकांसमोर बाई असं सरळ बोलेल, हे दूधवाल्याच्या हिशोबात नव्हतं. त्याने काहीतरी पुटपुटत गाडी मागे घेतली. भावजय पुन्हा खाली बसली आणि दुसरी वायर हातात घेतली. त्या कापलेल्या टोकात तारा धड होत्या. तिसऱ्या वायरीत अर्ध्या तुटलेल्या निघाल्या. ती नणंदेला दाखवून तिने बाजूला ठेवली.

नणंदेने ते मोडकं टोक उजेडात धरून पाहिलं. मग तिने पिशवी पालथी करून टोप्यांची डबी शोधली, समोर मांडी घातली आणि पहिली सोललेली वायर मांडीवर ओढून घेतली.

"तुम्ही गप्प राहिला असतात ना," ती टोपी चढवत म्हणाली, "तर मी जन्मभर त्या बिचाऱ्या ठोकळ्यांना शिव्या घातल्या असत्या."

"ठाऊक होतं मला."

"मग?"

भावजयीने कटर पुढच्या वायरीवर ठेवला. वर चाकाशी तांडेल उभा होता, कोणतीच बोट चालवत नसलेला, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

"तुमचा भाऊ आहे ना तो," ती म्हणाली आणि कापलं.

नणंदेने पक्कड दाबली. टोपी चेपली गेल्याचा कुरूप, कोरडा आवाज झाला. तिने वायर भावजयीकडे सरकवली.

"तुमचाही कोणीतरी आहे," ती म्हणाली. "घ्या. आवळायचं मात्र तुम्हीच. मला काही ते स्क्रू बोलत नाहीत."